उजवीकडून तिसरा

पो-वेई म्हणतो, मावशी, तयारच घे.
खोक्यातून काढायचा, वायर लावायची, झालं.
तीन वर्षं वॉरंटी, बिघडला तर घरी येऊन नेतील.
पो-वेई त्याच दुकानात विकतो,
त्यामुळे त्यात खरं किती आणि कमिशनचं किती
हे मी त्याच्या लाल होणाऱ्या कानांवरून ताडते.

वरच्या मजल्यावरचा श्यू म्हणतो, सुटे भाग घ्या, मी जोडून देतो.
नूडल्सच्या बिलामागे त्याने यादीही करून दिली:
प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय, पंखा (आवाज न करणारा).
"चार हजार वाचतील. आणि आत काय आहे ते तुम्हाला कळेल."

आत काय आहे, ते मला कळेल!

बावीस वर्षं थाओयुआनच्या कारखान्यात
मी हिरव्या पाटीवर एकच कपॅसिटर बसवला.
उजवीकडून तिसरा.
पट्ट्यावरून पाटी यायची, मी बसवायचे, पाटी जायची.
माझ्या आधी मेइ-स्यांग, माझ्यानंतर ती तोतरी लिन,
तिच्यापुढे भिंत, आणि भिंतीपलीकडे
म्हणे कॉम्प्युटर व्हायचा.
दिवसाला अकराशे पाट्या.
एकही चालू झालेला मी पाहिला नाही.

कॉम्प्युटर देवळाला हवा आहे. हिशोब माझ्याकडे असतो:
दिव्यांचं तेल, उदबत्त्या, मिरवणुकीच्या ढोलाचं कातडं.
जुना मेला तो नेमका सातव्या महिन्यात,
आणि भुतांच्या महिन्यात नवी वस्तू घरात आणत नाहीत.
म्हणून ठरवायला एक अख्खा महिना मिळाला,
जो मला नकोच होता.

माझू देवीला विचारलं.
लाकडी चंद्रकोरी टाकल्या, दोन्ही सपाट बाजू वर.
म्हणजे देवी हसली.
पुन्हा टाकल्या. पुन्हा हसली.

दर शनिवारी बस पकडून तैपेईच्या बाजारात जायचे,
चौथ्या मजल्यावर, जिथे खालच्या गाडीवरच्या
तळलेल्या कोंबडीचा वास लिफ्टमधून वर येतो.
दुकानदाराने मला मदरबोर्ड हातात धरू दिला.
आधी लोखंडी रॅकला बोट लावा, अंगातली वीज जाऊ द्या, म्हणाला.
मी ते आधीच केलं होतं.
अंगठा आपोआप उजवीकडे सरकला आणि अडखळला.
तिथे काहीच नव्हतं, नुसती सपाट काळी चौकट.
"आता हे हाताने बसवत नाहीत, आजी."
आजी म्हणाला, ते मी सोडून दिलं.

आठव्या महिन्याच्या एक तारखेला मी तयार घेतला.
पो-वेईला वाटलं, तो जिंकला.
श्यूला वाटलं, मी घाबरले. दोन दिवस
जिन्यात भेटला की बुटांच्या नाड्या बांधायचा.
आयत्या पिठावर रेघोट्या, असंही कुणीतरी म्हणालं असेल.
पण पीठ आयतं कुठे असतं?
कुठल्यातरी भिंतीअलीकडे कुणीतरी ते
दिवसाला अकराशे वेळा दळत असतं.
मला एकदाच भिंतीपलीकडे उभं राहायचं होतं,
गिऱ्हाइकासारखं, पर्स काखेत धरून.

बटण दाबलं. दिवा लागला.
पंखा फिरला, थोडासा खोकला, मग गप्प झाला.
पडद्यावर एक निळं शेत उगवलं.
मी खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ काहीच केलं नाही.

रात्री राहवलं नाही.
नवऱ्याचा पेचकस शोधला, वीज बंद केली, बाजूचं दार उघडलं.
स्टिकर फाटलं. तीन वर्षं गेली, टर्रकन.
बॅटरीच्या उजेडात सगळं कसं टापटीप,
धुळीचा कण नाही, वायरी वेणी घातल्यासारख्या.
फक्त एक स्क्रू,
पाव फेरा सैल.

कुणाची पाळी संपत आली असेल. कुणाला घर आठवलं असेल.
मी घट्ट केला. दार लावलं.

पो-वेईला सांगणार नाही.
देवीला सकाळी उदबत्ती लावून सांगितलं,
चंद्रकोरी मात्र टाकल्या नाहीत.
मग पहिली नोंद केली:
तेल, दोन डबे.