समास

तार्तूमध्ये नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
तोमे टेकडीवरच्या गोल इमारतीत
कुर्वित्सबाई फळ्यावर दोन डोळे काढायच्या,
वरून पाहिल्यासारखे,
दोन कांदे, मागे एकेक देठ.
मग दोन खडू. तांबडा डाव्या जगाचा, निळा उजव्या.
"डावं-उजवं कळत नसेल तर आत्ताच घरी जा," म्हणायच्या,
"इथून पुढे तेवढंच आहे."

तांबडं दोन्ही डोळ्यांत शिरायचं
आणि पडद्याच्या उजव्या अंगाला जाऊन बसायचं,
डोकं खाली, पाय वर.
देठ निघतो तिथे खडूचं टोक दाबून त्या एक ठिपका पुसायच्या:
"इथे आपण सगळेच आंधळे. कुणाला पत्ता नाही."

मग ती फुली.
नाकाकडचे तंतू पलीकडे जातात,
कानशिलाकडचे आपली बाजू सोडत नाहीत.
संध्याकाळी नदीवरच्या कमानीच्या पुलाशी होतं तसंच:
वर्गातली अर्धी पोरं पलीकडच्या खोल्यांवर,
अर्धी इकडेच,
आणि निरोप मात्र सगळ्यांचे एकमेकांत मिसळलेले.

मी त्यांचा मदतनीस. माझं काम बर्फाचं.
फॉर्मॅलिनमधून काढलेला मेंदू गोठवायचा;
आतलं पाणी फुगतं, तंतू सुटे होतात.
मग लाकडी पट्टीने, लोण्याच्या सुरीने करावं तसं,
हलके हलके सोलत जायचं.
आधी भेटतो तो गुडघा, वाटाण्याएवढा,
सहा पदर, एकेक पदर एकाच डोळ्याचा,
शेजारी शेजारी, अजून बोलणं नाही.
तिथून काही तंतू मागे जायचं सोडून
पुढेच निघतात, कानशिलाच्या दिशेने,
काहीतरी विसरल्यासारखे,
आणि मग वळतात.
हे वळण मी तीन वेळा फाडलं.
"रैत," बाई म्हणाल्या, "ज्याला घाई नाही
अशा माणसाचा रस्ता आहे हा."

आणि शेवटी डोक्याच्या पार मागे, एका घळीच्या काठांवर,
जग उतरतं.
पाठीला डोळे नसतात म्हणणाऱ्यांना
मी हात धरून तिथे आणलं असतं.

मार्चमध्ये नदीवरचा बर्फ तडकत होता.
बाई दाराच्या चौकटीवर आदळल्या. डावा खांदा.
थांबल्या. उजवा डोळा झाकला, पाहिलं.
डावा झाकला, पाहिलं.
दोन्ही वेळा तेच अर्धं गेलेलं.
"म्हणजे डोळा नाही," जरा आनंदानेच म्हणाल्या,
"फुलीच्या मागे. उजवीकडे. घळीत."
दवाखान्यातल्या यंत्राला हे कळायला
संध्याकाळ झाली.

मी विचारलं, काळोख दिसतो का डावीकडे?
"नाही. तुझ्या पाठीमागे आत्ता तुला काय दिसतंय?"
मी गप्प.
"तेच."

दृष्टीआड सृष्टी, आपण सहज म्हणून जातो.
त्यांच्या दृष्टीआड आता अर्धी बशी,
जिऱ्याच्या काळ्या पावाचा अर्धा तुकडा,
आणि पुष्कळदा मी,
कारण सवयीने मी त्यांच्या डावीकडे बसतो.
त्या म्हणतात, "बोलत राहा म्हणजे झालं."

वाचताना पंचाईत वेगळी.
ओळ संपते, डोळा परत फिरतो,
आणि पुढच्या ओळीची सुरुवातच नाही.
मधल्याच कुठल्यातरी शब्दावर पाय पडतो.
म्हणून पानाच्या समासात त्या
तांबडी लोकर ठेवतात, मोज्यातून उसवलेली.
तांबडं दिसेपर्यंत मान वळवायची.
दिसलं की वाचायचं.
खडूचा तोच तांबडा, हे मला फार उशिरा सुचलं.
त्यांना विचारलं नाही.

काल त्यांनी देहदानाचा कागद मागवला.
लोकर लावली. प्रत्येक ओळ तिच्या कडेपासून वाचली.
एक स्वल्पविराम दुरुस्त केला. सही केली,
जरा जास्तच उजवीकडे.

मग कागद माझ्याकडे सरकवत:
"नीट गोठू दे.
आणि ते वळण आलं की, रैत,
चहा पिऊन ये आधी."