पान एकशे बारा

तुझं नाव मला तुझ्याआधी भेटलं, लॅमर प्रुइट.
सप्टेंबरात, बीजगणिताच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला,
निळ्या शाईत, शेवटचं अक्षर उगाच लांबवलेलं.
तुमच्या शाळेनं टाकलेली पुस्तकं आमच्याकडे यायची,
मम्मा मालकिणीकडून आणते त्या सदऱ्यांसारखी:
कॉलर विरलेली, बटणं काढून घेतलेली.
नावापुढे कुणीतरी लिहिलं होतं, स्थिती: वाईट.
त्याखाली मी लिहिलं, ऑर्थिया गेन्स.
पुढचा रकाना कोराच ठेवला.

पान एकशे बारावर तू एक होडी काढली होतीस
आणि सातवं गणित चुकवलं होतंस.
ऋण गुणिले ऋण धन होतं, एवढंही माहीत नाही?
पेन्सिलीनं दुरुस्त केलं.
होडीत कुणालातरी बसवलं.

मग ऐन जानेवारीत कोर्टाचा हुकूम.
शुक्रवारी आमची शाळा मिटली;
आमच्या बँडचे करंडक पिंपात पडलेले पाहिले मी,
एकाचा कान बाहेर आलेला.
सोमवारी तुमच्या वर्गात.
माझ्या चारी बाजूंची बाकं रिकामी,
जशी मी नुकती रंगवलेली भिंत.
हजेरी चालली होती. "प्रुइट." "हजर."
आणि मला हसू फुटलं.
सगळा मिसिसिपी वळून बघतोय असं वाटलं.

तू नापास होऊन तेच गणित पुन्हा करत होतास.
पुस्तक नवं, चूक तीच.
लायब्ररीच्या जिन्याखाली मी तुला जुनं दाखवलं.
तू गणिताकडे पाहिलंच नाहीस.
"होडीत हा कोण?"
"हा नाही. ही."
तुझे कान लाल झाले. माझे झाले असतील तर
ते कुणाला दिसले नाहीत, एवढाच काय तो फायदा.

अकरा आठवडे.
जिन्याखालची एवढीशी जागा,
मोजून एकदा बोटांना बोटं.
गावानं पोहण्याचा तलाव सिमेंटनं बुजवला होता,
आम्ही त्यात उतरू नये म्हणून.
वर्षअखेरचा नाचही रद्द केला.
माझा भाऊ क्लीओफस एवढंच म्हणाला,
"त्याचं काय जाईल, सांग?"
मम्मा काही बोलली नाही.
रात्री दाराला साखळी लावायला लागली.

एप्रिलात तुझ्या वडलांनी तुला
चर्चच्या तळघरातल्या नव्या शाळेत घातलं.
तिथं फी होती, आणि आम्ही नव्हतो.

जूनमध्ये पुस्तकं परत मागितली.
मी म्हटलं, हरवलं.
दीड डॉलर दंड, मम्माची अर्ध्या दिवसाची इस्त्री.
तिनं नाणी टेबलावर एकेक मोजली,
मग माझ्या उशीच्या कोपऱ्याकडे पाहिलं,
जिथं उशी जरा जास्तच चौकोनी होती.
"एवढं महाग गणित?" म्हणाली,
आणि दिवा मालवला.