सियागंज, अधिक-उणे

ताहिरभाईंच्या दुकानात दोनशे चौदा खण,
एकावरही चिठ्ठी नाही.
गेंदालाल शिडीवर चढतो
आणि हात घालतो तो थेट दीड इंची निपलवर.
चढता चढता पुटपुटतो: पंप. मोनोब्लॉक. शाफ्ट. सील.
मी खाली स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप,
तो पुटपुटेल तसं उतरवून घेते.
यादी, यादीच्या पोटात यादी,
तिच्या पोटात आणखी एक,
दर पायरीला वीस पिक्सेल आत सरकलेली.

आधी सगळं उघडंच होतं.
ताहिरभाईंनी बोटाने पान खाली नेलं, खाली, आणखी खाली,
आणि चष्मा काढून ठेवला.
"बेटा, ये तो गोदाम है. दुकान कहाँ है?"

मग मी मिटायला शिकले.
पोटातल्या यादीला सांगायचं, दिसू नकोस.
एवढंच. पुसायचं नाही, हलवायचं नाही.
नावाआधी छोटा चौकोन, चौकोनात अधिक;
बोट लागलं की अधिकाचं उणे,
आणि खालच्या नावांनी बाकावर सरकून
आलेल्यांना जागा द्यावी, तसं.
पंचवीस ओळींचं काम. फुशारकी मारण्यासारखं काही नाही.

तरी दोन दिवस एक खोड जिरेना:
सीलला हात लावला की शाफ्ट मिटायचा,
शाफ्टमागून मोनोब्लॉक, मोनोब्लॉकमागून पंप,
लेकराला हाक मारावी
आणि अख्ख्या घराने दार लावून घ्यावं.
क्लिक वर वर चढत जायचा, पार मुळापर्यंत.
रात्री दीडला, राजेंद्रनगरच्या खोलीत,
त्याला एका ओळीत सांगितलं: इथंच थांब.
थांबला.

वायसरचं मात्र सुटलं नाही.
तो पंपाचाही, नळाचाही,
आणि झाडात एका पानाला दोन फांद्या चालत नाहीत.
"दोनों जगह लिख दो," गेंदालाल शिडीवरूनच.
लिहिलं. मी तरी काय,
बँकेत हिंदीत सही, घरी मराठीत भांडण,
कुठली तू, असं कुणी विचारलं
की जरा थांबते.

शेवटी दाखवलं, तेव्हा त्याने विचारलं,
बाकी सगळ्यांपुढे अधिक, सीलपुढे नुसता ठिपका का?
म्हटलं, त्याच्या पोटात आणखी काही नाही.
तो हसला. त्याच्या घरी तो आणि बायको, दोघंच.
"हमारे जैसा," म्हणाला,
मी काय बोलावं ते शोधतेय, तोवर:
"पर बाईजी, बिकता तो यही है.
'पंप का सामान' बोल के
आज तक कोई कुछ ले नहीं गया."

साडेआठला शटर पडलं.
पडद्यावर पाच ओळी, पाच अधिक.
बसमध्ये बसल्या बसल्या एक उघडून पाहिली,
मग तिच्यातली एक, मग तिच्यातली.
सील होतं. तीन मापांचं.
बत्तीस मिलिमीटरचं संपलंय,
उद्या सांगायला हवं.