गोरखमुंडीच्या पट्ट्यात

धरणाचं पाणी मागं सरकलं की
सावरगावच्या अंगाला एक किनारा उघडा पडतो.
समुद्र नाही, पण चिखलावर लाटांच्या रेघा आहेत,
शिंपले आहेत, बगळे आहेत,
आणि डिसेंबरात असा वारा की
कानटोपीतूनही कान शोधून काढतो.

या किनाऱ्याला कुणी नाव दिलेलं नाही.
उन्हाळ्यात तो आणखी रुंद होईल,
पावसाळ्यात मुळीच नसेल.
मधल्या दिवसांत त्याला गोरखमुंडी फुटते,
जांभळ्या गोट्या, जमिनीलगत,
पाय पडला की काढ्याच्या भांड्याचा वास.

बत्तीस वर्षं मी नाशिकरोडला नोटा तपासल्या.
ताव उजेडात धरायचा, डाग शोधायचा, पुढचा ताव.
एक कमी भरला तर सगळा विभाग बसून राहायचा,
डबे पुन्हा उघडायचे, पिशव्या झटकायच्या,
फाटक हलायचं नाही.
एकदा रात्रीचे अकरा झाले.
लेक शेजारच्या मेहरुन्निसाकडे झोपून गेली होती,
आणि ताव निघाला टेबलाच्या फळीमागं,
शहाण्यासारखा उभा.

ही सवय
निवृत्तीच्या कागदावर सही करून सुटत नाही.
म्हणून येते पहिल्या बसनं,
आणि गुडघे टेकून माश्या बघते.

आग्या नको, तिला सगळे ओळखतात.
सातेरीचं पोळंही नको.
मला हवी असते ती एकटी:
राणी नाही, फौज नाही, चाटायला मध नाही,
पोटावर निळ्या पट्ट्या,
चुन्यात नीळ जरा जास्त पडावी तशा.
भुईरिंगणीच्या फुलाला ती मिठी मारते
आणि अंग असं थरथरवते
की पराग खाली सांडतो.
तो आवाज माझ्या ओळखीचा.
गड्डी मोजणारं यंत्र शेवटच्या नोटांवर
असंच अर्धा सूर वर चढायचं.

आज आवाज नव्हता.
पाण्यावर वाफ होती,
मोतीराम लिलके होडीत वाकून जाळं ओढत होता.
"काय हारपलं, बाई?"
रोज विचारतो.
रोज मी म्हणते, काही नाही.

मग दिसलं.
दीपमाळेच्या वाळल्या काडीला
सात जण,
जबड्यात काडी धरून लोंबकळलेले,
पाय पोटाशी, पंखांवर दंव.
हे नर.
घर मादी खणते, दरडीत, पेन्सिल जाईल एवढं भोक,
तिच्यापुरतं आणि अंड्यांपुरतं.
यांना दार नाही.
यांची रात्र म्हणजे एक चावा,
उजाडेपर्यंत न सोडलेला.

मी मोजले. सात.
पुन्हा मोजले. अंगठा आपोआप जिभेला लागला.
सात.
श्वास रोखून धरला, माझ्या वाफेनं
ते फसतील म्हणून.

ऊन दरडीवरून खाली यायला बराच वेळ घेतं.
आलं तेव्हा वरच्यानं एक मिशी पुसली.
मग दुसरी.
मग पोट धापायला लागलं, भात्यासारखं, बारीक.
आणि सहा.
चष्मा पुसेपर्यंत पाच.
एक परत आला, की तो वेगळाच होता?
सहा म्हणावं तर काडीच्या मागं कुणीतरी हललं,
पाच म्हणावं तर कानाजवळून गेलं ते काय.

मोतीराम वर आला,
हाताला मासळीचा वास, टोपलीत चार चिलापी.
"किती भरले?"
जुळत नाही, म्हटलं.
"मंग?"
मग काय.
त्यानं विडी काढली, काडीकडे बघितलं,
आणि दहा पावलं लांब जाऊन पेटवली.

मी ती काडी तोडून नेणार होते,
भिंगाखाली दातांची खूण बघायला.
पिशवीत कात्री होती.
नाही नेली.
संध्याकाळी पुन्हा गारठा पडेल,
पारा सहावर जाईल असं म्हणतात,
आणि कुणाला तरी ती लागेल.