मोजदाद

खडकीच्या त्या मैदानाला एकच स्टँड होता.
फॅक्टरीतल्या भंगार अँगलचा सांगाडा, वर फळ्या.
मागच्या भिंतीवर कुणी तरी रंगवून ठेवलेलं :
आसनक्षमता सहाशे.
दर दिवाळीला चुना मारताना
आकड्यावरूनही कुंचला फिरायचा,
मार्चपर्यंत सहाशे पुन्हा वर यायचे.

माझ्याकडे तीन नंबरचं गेट.
गजांचं दार, आत उघडणारं.
एक कुलूप, एक किल्ली,
एक स्टूल, त्याचा चौथा पाय विटेचा.

फायनलच्या दिवशी तिकिटं साडेतीनला संपली.
माणसं संपली नाहीत.
बोपोडीतून आली, दापोडीहून पूल ओलांडून
सायकलींवर डबलसीट आली,
घोरपडीचे रेल्वेवाले टेम्पो भरून, ताशा घेऊन.
सेक्रेटरी म्हणाले, भालशंकर, तीन नंबर बंद ठेवा,
फुकटे घुसतात.
ठेवलं.

स्टोअरमध्ये बावीस वर्षं
नट मोजले, बोल्ट मोजले, वायसर मोजले,
हाताला दुसरा चाळा नाही.
गजांतून डोकी मोजत बसलो, रांगेमागून रांग.
सहाशे.
आठशे.
बाराशेनंतर डोकी सुटी दिसेनात.

गर्दी ओरडते हे सगळ्यांना ठाऊक.
गर्दी गप्प होते,
ते जवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही.
लाझरसनं डाव्या पायानं बॉल उचलला
आणि अख्खा स्टँड एकदम उभा राहिला,
तेव्हा वरचे ओरडत होते
आणि खालचे गप्प.
एक बोल्ट फळ्यांखाली टण्णकन पडला,
घरंगळत माझ्या स्टुलापाशी आला.
अर्धा इंची. आटे गुळगुळीत.
माझ्याच हातानं इश्यू झालेला असेल.

वर बघितलं तर दाराला लागून एक पोरगं,
दहा-अकरा वर्षांचं, पिवळा बनियन.
त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते
आणि त्याला कुणी उचललेलंही नव्हतं.

कुलूप काढलं.
दार आत उघडणारं. आत जागा कुठाय?
मागं व्हा म्हणालो. कोण मागं होणार,
मागच्याला पुढचं दिसत नाही,
पुढच्याला मागचं बोलता येत नाही.
मग स्टुलाखालची वीट काढली
आणि बिजागरीची पिन खालून ठोकायला लागलो.
पहिली निघाली. दुसरी गंजलेली.
तिला किती ठोके घातले ते मोजले नाहीत.
आयुष्यात तेवढंच मोजलं नाही.

दार माणसांसकट गल्लीत आलं.

मॅच थांबली. रेफ्रीनं शिट्टी मारली ती कुणी ऐकली नाही.
पोरगं माझ्या पायाशी बसून ओकलं,
मग नाक पुसत विचारलं, गोल झाला का?
मी म्हटलं, मला काय माहीत.
गल्लीत चपलांचा हा ढीग.
तीन दिवस लोक येत होते, एक एक पाय शोधत.

आठवड्यानं पत्र आलं :
आपण वरिष्ठांची परवानगी न घेता
गेट क्रमांक तीन काढून टाकल्यामुळे
संस्थेच्या उत्पन्नाचे नुकसान झाले आहे.
सबब दुरुस्तीचा खर्च आपल्या मानधनातून...
खर्च बरोबर लावला होता. मी बेरीज तपासली.

त्या दिवशी कुणी मेलं नाही.
त्यामुळे फलक नाही, चौकशी नाही,
वर्ष विचाराल तर माझी मुलगी एक सांगते,
मी दुसरं.
सांगायला गेलं की लोक विचारतात, मग काय झालं?
काही झालं नाही, म्हणतो.
लोक चहाकडे वळतात.

आता तिथं हिरवं प्लास्टिकचं गवत आहे,
तासावर भाड्यानं. चहूबाजूंनी जाळी, वर दिवे.
रविवारी नातू खेळतो, पाठीवर परदेशातलं नाव.
मी आत शिरताना मोजतो :
माणसं दीडशे, दारं दोन,
त्यातल्या एकाला कुलूप, समोर तीन मोटारसायकली.
काउंटरवरच्या पोराला विचारलं, किल्ली कुणाकडं?
फोनमधून मान न काढता म्हणाला,
बघतो काका.
पुढच्या रविवारीही, बघतो काका.

मी खुर्ची उचलतो
आणि त्या दाराशी जाऊन बसतो.
तिथून गोल दिसत नाही.
नातू विचारतो, आजोबा, बघितला का माझा?