एक थाऊ

उद्यमनगरात लेथवर सत्तावीस वर्षं.
इर्शादला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं:
घाईनं मोठा कट घेऊ नकोस,
टूल तुटतं, जॉब वाया जातो.
थाऊ थाऊनं उतरव. केसापेक्षा बारीक.

स्वतःला मात्र हे कधी सांगितलं नाही.
दर पाडव्याला तंबाखू एकदम बंद,
आणि तिसऱ्या दिवशी मळलेली चिमूट
पुन्हा ओठाआड, चोरासारखी.

यंदा डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवर
लाल पेनानं गोल केला.
शालन काही बोलली नाही.
उंबऱ्याजवळ फक्त बूट आणून ठेवले,
पोराचे जुने, एक नंबर मोठे.

रंकाळ्यावर पहिल्या बाकापर्यंत गेलो.
बसलो. परत आलो.
दुसऱ्या दिवशी तेवढंच.
अकराव्या दिवशी दुसरं बाक.
चहाच्या गाड्यावरनं बापूनं आरोळी ठोकली,
"काय भावा, ह्या वयात आखाड्यात उतरतोस काय?"
"उतरतोय की," म्हटलं,
"साखर अर्धा चमचा घाल."

रविवारी तांबडा रस्सा.
दोनदा वाटी भरून घेतली, मग उपडी घातली.
आधीच्या मला चार लागायच्या.
आणि तंबाखू? आहे अजून.
चिमूट लहान झालीय, एवढंच.

काल सुट्टीच्या वेळी इर्शाद म्हणाला,
"मामा, मघापासनं शिट्टी वाजवताय तुम्ही."
मी? कुठली?
पायाशी लोखंडाचा किस पडला होता,
निळसर, कुरळा, अजून कोमट.
झाडून घेतला.