टिकल्या

मनामातल्या त्या हॉटेलात माझी लाँड्री तळघरात,
लुसियेंचा डिस्को आठव्या मजल्यावर.
मधे लिफ्ट, दोघांचीही, पण वेळा वेगळ्या.

त्याचं जाकीट दर शुक्रवारी सकाळी खाली यायचं,
उशीच्या अभ्र्यात गुंडाळून, तान्ह्या मुलासारखं.
चंदेरी टिकल्या. दोन हजार एकशे चौदा, मी मोजल्यात.
मशीनला चालत नाहीत, रंग सोडतात.
काखेत मिठाचे नकाशे.
ते व्हिनेगरनं, हातानं, उलट्या बाजूनं.
अस्तरात लाल दोऱ्यानं एक नाव: ओदेत.
मला वाटलं, असेल कुणी.
आई निघाली.

पहाटे तीनला तो स्वतःच खाली यायचा, चहाला.
इंग्रजी त्याचं तुटकं, माझंही तुटकंच.
तुटक्याला तुटकं बरं जुळतं.
बाप कोळशाच्या खाणीत, म्हणाला,
घरातला टॉवेलसुद्धा कधी पांढरा नव्हता.
लग्नांतून अकॉर्डियन वाजवला, मग पॅरिस,
आणि तिथं पहिलं काम टाळ्यांचं.
होय, टाळ्यांचं. दुसऱ्यांच्या गाण्यांत
मागं उभं राहून टाळ्या वाजवायच्या, तासावर पैसे.
मी म्हटलं, आमच्यात म्हणतात, एका हातानं टाळी वाजत नाही.
तो म्हणाला, दोन हातांनी वाजवली तरी
रेकॉर्डवर नाव येत नाही.

मग अठ्ठ्याहत्तर साली त्याचं स्वतःचं गाणं.
सात मिनिटांचं, शब्द एकच. अर्थ विचारला तर म्हणाला,
'अजून'.
इटलीत चाललं, मेक्सिकोत चाललं, बैरुतमध्ये तर
लग्नाच्या वराती चालल्या त्यावर.
आईनं जाकीट शिवलं, डोळे गेले तिचे त्यात.
दीड वर्ष.
मग लोकांनी नाचणं काही सोडलं नाही,
फक्त त्याच्या गाण्यावर सोडलं.
इथं तीन महिन्यांच्या करारावर आला होता.
आठ वर्षं झाली.

टिकल्या गळायला लागल्या.
बाब-अल-बहरीनची सगळी दुकानं पालथी घातली,
त्या मापाची मिळेना.
मग शेवंतीला लिहिलं लांज्याला:
टिकल्या पाठव, चंदेरी, मध्यम, भरपूर.
तिचं उत्तर आलं, आधी सांगा, तिथं कुणाला लावताय?
तरी पाठवल्या. आमसुलांच्या डब्यात, चाळीस पाकिटं.
टिकलीला भोक नसतं, सुई चालेना.
गोंदानं बसवल्या एकेक, दोन रात्री.

त्या गुरुवारी मी पहिल्यांदा आठव्या मजल्यावर गेलो,
किचनच्या दाराआड उभा राहिलो.
तिसऱ्या गाण्याला त्याला घाम फुटला
आणि शेवंतीच्या टिकल्या सुटायला लागल्या,
ओदेतच्या मात्र जागच्या जागी.
पट्ट्यांवर पडल्या, काळ्यावर, पांढऱ्यावर.
एक चिकटली त्याच्या भुवईवर, जरा बाजूला,
घाईत आरसा न बघता लावावी तशी.
ड्रमवाला रोमेल हसून हसून ताल चुकला.
लुसियेंनं ती काढली नाही.
मला आमसुलांचा वास आला,
आता येणं शक्य नव्हतं, पण आला.

नव्वदच्या ऑगस्टात कुवेतची माणसं आली,
गाड्यांच्या टपांवर गाद्या बांधून.
डिस्कोत सतरंज्या पसरल्या.
आरशांचा गोळा तसाच वर लटकलेला.
एक पोर रात्रभर झोपेना,
तर लुसियें स्टुलावर चढला
आणि झाडूच्या दांड्यानं गोळा फिरवत राहिला,
गाणं नाही, काही नाही,
भिंतींवरून ठिपके सरकत होते
झोपलेल्या बायकांच्या तोंडांवरून, बुटांवरून.
त्याचे हात भरून आले तेव्हा मी चढलो.

आठवड्यानं तो गेला. कुठं, कुणी म्हणे सायप्रस,
कुणी म्हणे घरी. जाकीट माझ्याकडेच राहिलं.
नियम असा, तीन महिन्यांत नेलं नाही तर विकायचं.
माझ्या वहीत पावती क्रमांक पाचशे सहा,
पुढं रकाना: गिऱ्हाइकानं नेलं?
दर महिन्याला मॅनेजर विचारतो,
दर महिन्याला मी त्याच शाईनं लिहितो,
नाही, अजून.